एकवीस नंबरचा डबा

लंबक सोडला आणि तिने पेन्सिल दातांत धरली. उजव्या हातात घड्याळ, डाव्या हाताचं बोट टेबलाच्या कडेवर, डोळे लोखंडी पट्टीच्या टोकावर. पट्टी एकदा पलीकडे जाऊन परत आली की एक हेलकावा. असे वीस मोजायचे आणि विसाव्याला घड्याळ बंद करायचं. काम सोपं होतं, फक्त ते दोघांचं होतं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने घड्याळ सांभाळायचं. एकटीने करायला गेलं की दर खेपेला बाराच्या आसपास घोळ व्हायचा. आता झाले ते बारा, की तेरा?

"तेरा," कपाटाजवळून आवाज आला.

प्रयोगशाळेतले काका तिकडे तोंड करून भिंगं पुसत होते. त्यांनी मान वळवली नव्हती. लंबक टेकूवर दर हेलकाव्याला एकदा कुरकुरायचा आणि तेवढ्यावर त्यांचं भागायचं.

"अठरा. एकोणीस. वीस."

तिने बटण दाबलं.

"किती?"

"बत्तीस पॉइंट चार."

"मघाशी?"

"बत्तीस पॉइंट सहा."

"चालतंय. घड्याळ म्हातारं आहे, मीही म्हातारा आहे. एवढं इकडेतिकडे होणारच."

बाकीच्या वीस टेबलांवर बोलणं, हसणं, 'अगं नीट मोज की' असं सगळं चाललं होतं. त्या जोड्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात लागल्या होत्या: एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, हजेरीच्या नंबराप्रमाणे. प्रत्येक जोडीला काकांकडून एक पत्र्याचा डबा मिळायचा. त्यात घड्याळ, मोजपट्टी, भिंग, दोऱ्याची गुंडी. डब्यावर रंगाने नंबर. लग्नाच्या जोड्या मोडतील, पण डब्याच्या मोडणार नाहीत, असं काका म्हणायचे.

ती आली ती दुसऱ्या वर्षाला, दुसऱ्या कॉलेजातून, याद्या छापून भिंतीवर लागल्यावर दोन आठवड्यांनी. तिच्यासाठी जोडी नव्हती. काकांनी वरच्या फळीवरून एक जास्तीचा डबा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिच्यापुढे ठेवला. एकवीस नंबर. घड्याळाच्या काचेला तडा होता. तेव्हापासून काका तिला 'एकवीस नंबर' म्हणायचे. वर्गात तिला नवी म्हणायचे. चौथा महिना संपत आला होता, तरी नवीच.

नवीने सामान डब्यात भरलं आणि डबा काकांच्या टेबलावर नेला. आज सांगायचं असं तिने सकाळी जिन्यावर ठरवलं होतं. तोंड उघडलंही.

"काका, यातल्या भिंगाची कडी सैल झालीय."

"बघतो," काका म्हणाले आणि आपल्या जाड वहीत काहीतरी लिहून त्यांनी डबा फळीवर ठेवला.

*

"बाई, मला जागा सोडायचीय."

"बसमधली?" ऑफिसच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी वर न बघताच विचारलं. मग बघितलं. "बदलीवाली का गं तू? दुसऱ्या वर्षाला आलेली?"

नवीने मान हलवली.

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. एवढा दमून ठेवला की नवीला उगाच अपराध्यासारखं झालं. "बावीस आलात यंदा. आठ गेले. तू नववी. वर समिती बसलीय तुमच्यावर, माहितेय? बाहेरून आलेली मुलं टिकत का नाहीत म्हणून. मागच्या महिन्यात तुमच्यासाठी चहापान ठेवलं होतं, साहेब स्वतः दोन तास बसले. एक पोर फिरकलं नाही."

"कधी होतं?"

"मंगळवारी. सगळ्यांना निरोप धाडला होता की, वर्गाच्या यादीवरून."

"मी यादीत नाहीये."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "हं," त्या म्हणाल्या. आणि खण ओढत, "चहा गार झाला सगळा. आम्हीच प्यायलो."

त्यांनी खणातून एक मोठा कागद काढला. एका बाजूला छापील, मागची बाजू कोरी. वर नाव लिहायला रेघ, खाली सह्यांचे सहा चौकोन: ग्रंथालय, क्रीडा, आरोग्य, ओळखपत्र, प्रयोगशाळा, वर्गशिक्षक. सगळ्यात खाली 'सोडण्याचे कारण' आणि दोन रेघा.

"सहा सह्या आण. शुक्रवारी पाचला खिडकी बंद होते, मग थेट सोमवार."

"सोमवार नाही चालणार. जुन्या कॉलेजने शनिवारी बारापर्यंत जागा धरलीय."

"मग पळ. आणि ऐक, कारण खरं लिही. सगळे आपले 'वैयक्तिक' लिहून मोकळे होतात. समितीला वाटायला लागलंय की सगळ्यांच्या घरी एकदमच लग्नं निघालीत."

*

गुरुवारी सकाळी ती ग्रंथालयात गेली. ग्रंथपालबाईंनी नाव विचारलं, कपाटातला लांबट खण ओढला, कार्डं बोटांनी मागेपुढे केली.

"तुझं कार्ड नाही."

"नाहीच. मी इथे बसूनच वाचते. कार्ड यादी आली की मिळेल म्हणाला होतात."

"मी म्हणाले होते?"

"दोनदा."

ग्रंथपालबाईंनी चष्मा वर सरकवला. "पण मग 'हिच्याकडे पुस्तक नाही' असं लिहू कशावर? पुस्तक नसल्याची नोंद कार्डावर करतात. कार्ड नाही म्हणजे तू नाहीस. जी नाही तिच्याकडे पुस्तक नाही, असं लिहिलं तर वरचे माझ्यावर हसतील."

"मग?"

"मग आधी कार्ड काढायचं."

कार्ड काढायला वीस मिनिटं गेली. फोटो चिकटवला, नाव टाइप झालं, खाली शिक्का. बाईंनी ते फुंकून वाळवलं, खणात त्याच्या जागेवर बरोबर खोचलं, मग लगेच परत काढलं आणि त्यावर लिहिलं: पुस्तक नाही. आणि नवीच्या कागदावर सही केली. कार्ड पुन्हा खणात ठेवताना त्या म्हणाल्या, "चार पुस्तकं मिळतात बरं का यावर. घरी न्यायला. महिनाभर."

नवी खणाकडे बघत राहिली. तिच्या नावाची कड दोन कार्डांच्या मधून जेमतेम दिसत होती.

क्रीडा विभागातले मास्तर त्याहून सरळ होते. त्यांनी कागद वाचला, कपाटातून टेबल टेनिसची बॅट काढली आणि तिच्या हातात दिली.

"घ्या."

"मी खेळत नाही सर."

"इथे सही करा. बॅट मिळाली." तिने सही केली. "आता परत द्या." तिने परत दिली. "इथे सही. बॅट परत केली. झालं! घेतलेलं साहित्य परत केलं, असं छापलंय ना? घेतल्याशिवाय परत कसं करणार?" त्यांनी बॅट हातात तोलून बघितली. "पकड चांगली आहे तुमची. बुधवारी मुली कमी पडतात, म्हणून म्हटलं."

आरोग्य कक्षात तिची उंची मोजली, वजन केलं, नव्या कोऱ्या फाइलवर नाव घातलं, दात बघितले, आणि मग फाइल बंद झाल्याची सही दिली. डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय असंही फुकटात सांगितलं. ओळखपत्रवाल्याने तिला पांढऱ्या पडद्यापुढे उभं केलं.

"पण मला ते जमा करायचंय."

"जमा करायला आधी छापायला नको? उद्या सकाळी घेऊन जा आणि खिडकीवर टाकून दे. हस की जरा."

ती हसली नाही, दचकली. फोटो तसाच आला.

*

"बॅट घेतली आणि परत दिली?" आतेबहीण पलंगावर लोळून हसत होती. ती नववीत होती आणि कुठल्याही गोष्टीवर लोळायची तिची तयारी असायची. "म्हणजे ताई, तू जाणार म्हणून ते तुला आत घेतायत! वरातीतून नवरीच राहून गेली, आणि ती आठवली कधी? तर जेवणं झाल्यावर!"

"पुरे."

"आण, कारण मी लिहिते." तिने कागद ओढला. "'आतेबहीण फार बडबड करते.' शोभतंय ना? की 'आत्याच्या हातचं जेवून कंटाळा आला'?"

"ऐकतेय हं मी," स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली.

"बघ, कान आहेत की काय!" ती उठून बसली. आवाज जरा खाली आला. "खरं सांग ना पण. कोणी काही बोललं का तुला?"

"नाही."

"मग?"

नवीने कागद तिच्या हातातून घेऊन घडीवर घडी नीट बसवली. कोणीच काही बोललं नाही, हे कसं सांगायचं हे तिला कळेना. सकाळी आठला हजेरी सुरू व्हायची, एक ते एक्केचाळीस, मग वर्गशिक्षक मॅडम यादी मिटायच्या. पहिल्या आठवड्यात ती हजेरी संपल्यावर टेबलापाशी जाऊन 'मॅडम, मी' म्हणायची. यादी यायचीय, असं उत्तर मिळायचं. तिसऱ्या आठवड्यात तिने जाणं सोडलं.

"जुन्या कॉलेजात फिजिक्स आहे ना?" आतेबहिणीने विचारलं.

"दुसऱ्या वर्षापर्यंतच. पुढे गणित घ्यावं लागेल."

"तुला तर गणित आवडत नाही."

"आवडत नाही असं नाही. जमतं."

"मग तिथे आहे काय?"

"मैत्रिणी आहेत."

आतेबहीण पलंगाच्या दांड्यावर नख घासायला लागली.

"तू गेलीस तर वरचा पलंग माझा," ती म्हणाली. आणि दिवा लावायला उठली.

*

शुक्रवारी ओळखपत्र मिळालं, त्या चौकोनातली सहीही मिळाली. फोटोत ती कोणीतरी मागून हाक मारल्यासारखी दिसत होती. ते गळ्यात घालावं की नाही हे न ठरल्यामुळे तिने ते मुठीत धरलं आणि सकाळचा तास संपल्यावर मॅडमच्या खोलीच्या दारात उभी राहिली. दोन चौकोन रिकामे होते.

मॅडमनी कागद वाचला. त्या कडक होत्या, पण तिरकस नव्हत्या. हजेरीपट उघडून त्यांनी बोट वरून खाली आणलं आणि एक्केचाळीसवर थांबवलं.

"तू यात नाहीस."

"हो मॅडम."

"म्हणजे माझ्या हिशेबी तुझी हजेरी शून्य. आणि इथे मला लिहायचंय 'हजेरी व वर्तन समाधानकारक'."

"मी रोज आलेय मॅडम."

"माहितेय." मॅडमनी पेनचं टोपण लावलं, काढलं. "तिसरा बाक, खिडकीकडे. प्रश्न विचारला की तू वहीच्या कडेला उत्तर लिहितेस आणि हात वर करत नाहीस. रोज बघते मी. मला वाटायचं, हिचं नाव कुठेतरी असेलच."

बाहेर कोणीतरी खुर्ची ओढत नेली. मॅडमनी हजेरीपटावर पेन आडवं ठेवलं.

"मी बघते म्हणून भागत नाही गं. कागदावर काही आहे का? कुठेही, तुझ्या येण्याची नोंद?"

नवीने विचार केला. ग्रंथालयात कालपर्यंत ती नव्हती. क्रीडा विभागात ती काल एक मिनिट होती.

"प्रयोगशाळेत काका काहीतरी लिहितात," ती म्हणाली.

काका सकाळच्या वेळी एकटेच असत. नवीने कागद त्यांच्यापुढे ठेवला. तोंडाने सांगायचं ते कागदानेच सांगितलं. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, 'सोडण्याचे कारण'पाशी रिकाम्या रेघांवर थोडे रेंगाळले.

"भिंगाची कडी घट्ट केली मी," ते म्हणाले. "बुधवारीच."

"हो का."

"मग काय. सैल राहिली असती तर भिंग पडलं असतं एक दिवस."

तिने मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं. काकांनी जाड वही काढली. पानाला पान, दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी, डब्यांचे नंबर एकाखाली एक. एक ते वीस नंबरांपुढे फक्त बरोबरच्या खुणा. त्याखाली प्रत्येक पानावर त्यांच्या गोल अक्षरात: 'एकवीस – मुलगी – नेला – आणला.' एका पानावर जास्तीचं होतं: 'एकवीस – मुलगी – ताप आहे, तरी आली.' एका पानावर: 'काच तिने फोडली नाही, आधीची.'

काकांनी बोटाला थुंकी लावत पानं मोजली. "सत्तावीस. एक चुकवलं नाहीस." मग जरा ओशाळून म्हणाले, "नाव विचारायचं राहून गेलं बघ. मुलगीच लिहीत गेलो."

वही बगलेत मारून ते तिच्याबरोबर निघाले. आपला मजला सोडून काका कुठे जात नसत, त्यामुळे जिन्यावर दोन शिपायांनी आणि एका सरांनी 'काय काका, आग लागली का?' असं विचारून घेतलं.

मॅडमनी सत्तावीस पानं एक-एक करून बघितली. तापाच्या पानावर थांबल्या. "दुपारी प्रयोगशाळेत येणारी मुलगी सकाळी तासाला नव्हती, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. हजेरीपटात एक्केचाळीसखाली पट्टी ठेवून त्यांनी एक सरळ रेघ मारली, बेचाळीस घातलं आणि नवीला विचारून विचारून नाव लिहिलं. अख्खं, वडिलांच्या नावासकट. मग तिच्या कागदावर सही केली.

"उशीर केला मी," कागद परत देताना त्या म्हणाल्या. एवढंच. पण ते त्या कागदाकडे बघून नव्हे, तिच्याकडे बघून म्हणाल्या.

जिन्यावर नवीने शेवटचा रिकामा चौकोन काकांपुढे धरला. "आता तुमचीच राहिली, काका."

"माझी दुपारी."

"का?"

"आज शुक्रवार ना? डबा दुपारी द्यायचा. दिलाच नाही तर परत आला असं कसं लिहू?" काका पायऱ्या उतरायला लागले. "मीही नियमाने चालतो, उगीच नाही."

*

दुपारी प्रयोगशाळेच्या दारावरची यादी बदललेली होती. म्हणजे यादी तीच जुनी, पिवळी पडलेली. फक्त खाली खडूसारख्या जाड पेन्सिलीने काकांनी एक ओळ वाढवली होती. एक्केचाळीस–बेचाळीस. डबा एकवीस.

नवीने ती वाचली, परत वाचली आणि आत गेली. तिच्या टेबलापाशी एक उंच, चष्मेवाली मुलगी डबा उघडून आतलं सामान एकेक करून बाहेर मांडत होती.

"या डब्यात भिंग आहे!" ती म्हणाली. "आमच्यातलं पहिल्याच वर्षी हरवलं. एकोणचाळीसने हरवलं, पण नाव माझं आलं."

"तू एक्केचाळीस?"

"हो. विषम नंबरचा शाप. दीड वर्ष मी त्या दोघींच्या पाठीशी उभी आहे." तिने शेजारच्या टेबलाकडे मान उडवली. "एक मोजते, एक घड्याळ धरते आणि मी आकडे उतरवून घेते. लंबकाला अजून हात लावला नाहीये मी, शप्पथ. वर्गात एवढी मुलं, पण मी म्हणजे लोणच्याची फोड. पानात आहे, जेवणात नाही."

नवीला हसू आलं. ते येईल असं तिला वाटलं नव्हतं, त्यामुळे ते जरा मोठ्यानेच आलं. पुढच्या टेबलावरच्या दोघींनी वळून बघितलं.

"मी तुला बघायचे," एक्केचाळीस म्हणाली. "एकटी टेबल अडवून बसलीय, मजा आहे बाई हिची, असं वाटायचं. शिष्ट असशील असंही वाटायचं. पेन्सिल दातांत धरून तू कोणाशी बोलत नाहीस ना."

"दातांत पेन्सिल धरून कोण बोलणार?"

"तेही खरंच." तिने लंबकाची पट्टी बोटाने हळूच ढकलून बघितली आणि पटकन हात मागे घेतला. "मी मोजू की घड्याळ धरू?"

"तू मोज."

"आणि लिहायचं कशावर? माझी वही त्यांच्याकडे आहे. तीही त्यांनाच लागते."

नवीने पिशवी उघडली. प्रयोगवही तिने आणली नव्हती. शेवटचा दिवस, डबा घ्यायचा आणि परत करायचा, एवढ्यासाठी कशाला वही, असं तिला सकाळी वाटलं होतं. पिशवीत ग्रंथालयाची पावती होती, ओळखपत्र होतं आणि तो मोठा कागद होता. तिने कागद बाहेर काढला. घडी उलगडली. काकांच्या टेबलाकडे एकदा बघितलं, काका पाठमोरे होते. मग तिने तो उलटा करून टेबलावर पसरला आणि कोपऱ्यावर भिंग ठेवलं.

एक्केचाळीसने कोऱ्या बाजूवर तीन उभ्या रेघा मारल्या. अंतर, वीस हेलकाव्यांचा वेळ, एका हेलकाव्याचा वेळ. वर तिने स्वतःचं नाव घातलं आणि थांबली.

"तुझं नाव काय गं?"

नवीने नाव सांगितलं.

"अय्या, माझ्या मावशीचं नाव," ती म्हणाली आणि तेही लिहिलं, आपल्या नावाला लागून.

लंबक सुटला. टेकूवर कुरकुर झाली.

"एक," कपाटाजवळून आवाज आला.

"एक!" एक्केचाळीसही म्हणाली, जरा जास्तच जोरात.

पुढची कुरकुर आली तेव्हा फक्त तिचाच आवाज होता. काका तिकडे तोंड करून भिंग पुसत होते. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण ते मोजत असतील तर मनात.

ती चौदावर अडखळली. म्हणाली, "थांब थांब, चौदा झाले की पंधरा?" आणि पहिलं वाचन वाया गेलं. दुसरं बत्तीस पॉइंट नऊ आलं, तिसरं बत्तीस पॉइंट पाच. चौथ्यापर्यंत तिला लय सापडली होती आणि ती पायाने ठेका धरत होती. मग टेकू पट्टीतल्या पुढच्या भोकात सरकवला. मग आणखी एक. रकाने भरत चालले. कागद पातळ होता. पेन्सिलीने दाबून लिहिलं की पलीकडच्या सहा चौकोनांच्या रेघा पुसट दिसायच्या.

पावणेपाचला डबे परत यायला लागले. काकांनी वही उघडली, एक-एक नंबरापुढे खूण केली आणि वीसनंतर पेन हातात धरून या टेबलाकडे बघितलं. खिशातून चष्मा काढला. सही करायची तर लागतो तो त्यांना.

"एकवीस," ते म्हणाले. "डबा आणताय ना? पाचला तुमची ती खिडकी..."

"काय खिडकी?" एक्केचाळीसने विचारलं.

नवीचा अंगठा घड्याळाच्या बटणावर होता. टेबलावर, भिंगाखाली, दोन नावं आणि चौदा आकडे होते. अजून तीन भोकं बाकी होती.

"काही नाही," ती म्हणाली. "तू मोज."

काकांनी चष्मा परत खिशात ठेवला.

"सतरा," एक्केचाळीस म्हणत होती, "अठरा, एकोणीस." खाली आवारात पाचचे टोले पडायला लागले आणि तिने ते आपल्या मोजणीत मिसळू नयेत म्हणून एक कान हाताने झाकून घेतला. "वीस!"

नवीने बटण दाबलं.

"किती?"

"बत्तीस पॉइंट दोन."

"पुन्हा एकदा घेऊ?"

"घेऊ," नवी म्हणाली आणि लंबक धरायला हात पुढे केला.